सूचकवाक्याची उकल : शब्दकोडे, कूट आणि स्थलनाम

१

‘अर्थ लावणे’ हा मराठी समीक्षेतील सर्वांत नित्याचा आणि सर्वांत कमी तपासला गेलेला व्यापार होय. अभंगाचा, भारुडाचा, ओवीचा, शिलालेखातील संदिग्ध पदाचा आणि गावाच्या नावाचाही अर्थ लावला जातो. परंतु लावलेला अर्थ बरोबर कशावरून, हा प्रश्न फार क्वचित विचारला जातो. या प्रश्नाचा विचार करावयाचा तर ज्या वाङ्मयप्रकारात उत्तर बरोबर की चूक हे निश्चितपणे ठरते, अशा एखाद्या लहान व बंदिस्त प्रकाराकडे वळणे सोयीचे असते. गूढ शब्दकोडे हा असा एक प्रकार आहे. तो करमणुकीचा म्हणून विद्यापीठीय चर्चेच्या बाहेर राहिला. तथापि त्याची उकल करण्याची व ती उकल दुसऱ्यास पटवून देण्याची रीत पाहिली असता तीत टीकाकाराने आत्मसात करावी अशी शिस्त आढळते.

मराठी नियतकालिकांतील शब्दकोडे बहुधा समानार्थी शब्दाच्या सूचनेवर चालते. ‘फूल’ म्हटले की कमळ, जाई, शेवंती यांपैकी घरांच्या संख्येत बसणारा शब्द भरावयाचा. गूढ शब्दकोड्यातील सूचनेची घटना याहून निराळी असते. तिला येथे ‘सूचकवाक्य’ म्हटले आहे. सूचकवाक्यात दोन अंगे असतात : एक अंग उत्तराचा अर्थ सांगते, दुसरे अंग त्याच उत्तराची अक्षरे कशी जुळतात ते सांगते, आणि ही दोन्ही अंगे मिळून वरवर पाहता तिसऱ्याच विषयावरचे एक सरळ वाक्य तयार होते. ‘सदा उलट वागणारा सेवक’ हे वाक्य घ्यावे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक हट्टी चाकर उभा राहतो. परंतु ‘सेवक’ हा अर्थ आणि ‘सदा’ ही अक्षरे. ती उलटी वाचली की ‘दास’ हा शब्द मिळतो, आणि दास म्हणजे सेवक. दोन स्वतंत्र वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. या मिळण्यातच उत्तराचे प्रमाण असते. उकल करणाऱ्यास रचनाकाराला जाऊन विचारावे लागत नाही.

२

पाश्चात्य देशांत शब्दकोड्याचा आरंभ आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रात प्रसिद्ध केलेल्या कोड्यापासून धरला जातो. ते कोडे सरळ सूचनांचे होते. गूढ सूचकवाक्यांनी भरलेले कोडे इंग्लंडात १९२५ च्या सुमारास एडवर्ड पॉइस मॅथर्स याने रूढ केले. त्याने स्पेनमधील धर्मन्यायाधीश टॉर्केमाडा याचे नाव टोपणनाव म्हणून घेतले होते. भारतीय वाचकास या गृहस्थाची दुसरी ओळखही आहे. बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चे स्वैर इंग्रजी रूपांतर १९१९ मध्ये त्यानेच प्रसिद्ध केले. संस्कृत श्लेषाशी त्याच्या कोड्यांचा साक्षात संबंध होता असे म्हणण्यास आधार नाही. तथापि शब्दाचे दोन पदर एकाच वेळी पाहणारी दृष्टी दोन्ही ठिकाणी हवी असते, एवढे खरे. १९३९ मध्ये मॅथर्स निवर्तल्यावर डेरिक मॅकनट याने ‘झिमेनीस’ या नावाने ही परंपरा चालवली आणि १९६६ मध्ये सूचकवाक्याच्या न्याय्य रचनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या परंपरेचे सार असे सांगता येईल की, सूचकवाक्यात अचूक अर्थनिर्देश असावा, प्रामाणिक अक्षरनिर्देश असावा आणि यांव्यतिरिक्त काहीही नसावे. वाक्याचा वरवरचा अर्थ फसवा असला तरी चालेल; वाक्यातील प्रत्येक शब्दाने मात्र आपले नेमून दिलेले काम केले पाहिजे.

या विचारास पूर्णतः परके मानण्याचे कारण नाही. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत प्रहेलिका आहे आणि अक्षरमुष्टिकाकथनही आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले, गोष्टीविनोद, गर्दीत चालणारी गुप्त मसलत आणि परक्यास चकविणे हे तिचे उपयोगही नोंदविले. बाणाच्या ‘कादंबरी’त शूद्रक राजाच्या विनोदांत अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुमती, गूढचतुर्थपाद आणि प्रहेलिका यांची नावे येतात. यांपैकी बिंदुमती विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तीत व्यंजनांच्या जागी केवळ बिंदू मांडलेले असतात, स्वरचिन्हे तेवढी दिलेली असतात आणि त्यांवरून संपूर्ण श्लोक सिद्ध करावयाचा असतो. अर्धवट भरलेल्या घरांवरून शब्द ओळखण्याची क्रिया ती हीच.

तथापि आलंकारिकांचे मत या प्रकारास अनुकूल नव्हते. ज्या काव्याला टीकेवाचून गती नाही ते विद्वानांनाच आनंद देईल आणि मंदबुद्धींचा घात करील, असा भामहाचा अभिप्राय आहे. रसाला प्रतिबंध करते म्हणून प्रहेलिका हा अलंकारच नव्हे, असा विश्वनाथाचा निवाडा आहे. मम्मटाने क्लिष्टत्व दोषांत गणले. या तिघांचा आक्षेप काव्य म्हणून आहे आणि त्या भूमिकेवरून तो योग्यही आहे. परंतु त्यामुळे एक गोष्ट राहून गेली : प्रहेलिकेची उकल प्रमाणभूत केव्हा मानावी, याचे स्वतंत्र शास्त्र आपल्याकडे फारसे वाढले नाही. प्रकार मोजले गेले, उकलीची कसोटी मात्र मांडली गेली नाही.

३

मराठीत सूचकवाक्य रचू लागले की प्रथम प्रश्न येतो तो घटकाचा. इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो. मराठीत एका घरात एक अक्षर बसते, म्हणजे व्यंजन, त्याला जोडलेले व्यंजन, स्वरचिन्ह आणि अनुस्वार हे सर्व एकत्र. ‘सदा’ उलटे केले असता ‘दास’ मिळते ते अक्षर हा घटक मानल्यामुळे. वर्ण हा घटक मानला तर स्, अ, द्, आ यांचा व्युत्क्रम आ, द्, अ, स् असा होईल आणि ‘आदस्’ असे निरर्थक रूप हाती येईल. मराठी वाचकाची जाण अक्षराची आहे, वर्णाची नव्हे. म्हणून अक्षर हाच घटक धरणे न्याय्य ठरते.

या एका गोष्टीचे परिणाम दूरवर पोहोचतात. चौतीस व्यंजने आणि बाराखडीतील बारा रूपे यांचा गुणाकार ४०८ होतो. जोडाक्षरे त्याहून वेगळी. इंग्रजीतील सव्वीस वर्णांशी याची तुलना केली असता दोन गोष्टी दिसतात. आडवा आणि उभा शब्द एकाच घरात छेदावयाचे असतील तर मराठीत त्या दोहोंचे व्यंजनच नव्हे, तर स्वरचिन्हही एक असावे लागते. ‘पूर्णा’ या शब्दाच्या दुसऱ्या घरातील ‘र्णा’ला छेद देण्यास ‘अपर्णा’, ‘सुवर्णा’ असे थोडे शब्द सापडतील. ते संपले की रचनाकाराला काळे घर घालावे लागते. त्यामुळे मराठी चौकटीत छेद कमी आणि काळी घरे अधिक होतात. उलटपक्षी जेथे छेद मिळतो तेथे तो इंग्रजीतील छेदापेक्षा कितीतरी अधिक सांगून जातो. तीन अक्षरी शब्दाचे एक घर भरले की मात्रेसह तिसरा हिस्सा उघडा पडतो. म्हणजे चौकटीची मदत कोठे अजिबात नाही आणि कोठे गरजेपेक्षा जास्त, अशी विषम वाटणी होते. जेथे ती नाही तेथे उत्तराचे सर्व प्रमाण सूचकवाक्यातूनच यावे लागते. मराठीत सूचकवाक्याची काटेकोर रचना ही केवळ हौस नसून गरज आहे, ती या कारणाने.

दुसरा परिणाम अक्षरविपर्यासाचा. ‘कमल विस्कटले, उरली लेखणी’ या वाक्यात ‘कमल’ची अक्षरे फिरवून ‘कलम’ मिळते. परंतु तीन अक्षरांच्या मांडण्या सहाच, चार अक्षरांच्या चोवीस. सात वर्णांच्या इंग्रजी शब्दाच्या ५,०४० मांडण्यांपुढे हे कोडे फार तोकडे. मराठीचे सामर्थ्य विपर्यासात नाही. ते जोडणीत, च्युतकात आणि श्लेषात आहे.

च्युतकाची उदाहरणे पाहावीत. ‘राजाचा पहिला काना गेला, सुट्टी लागली’ : ‘राजा’तील पहिला काना काढला की ‘रजा’. येथे ‘पहिला’ हा शब्द गाळला असता तर दुसरा काना जाऊन ‘राज’ही संभवले असते, ‘सुट्टी’ या अर्थनिर्देशाने संशय फिटला असता हे खरे, परंतु संशय ठेवण्याचे कारणच नव्हते. ‘वंशावरचा बिंदू पुसला, ताब्यात आला’ : ‘वंश’चे ‘वश’. बाणाच्या काळची मात्राच्युतकाची व बिंदुच्युतकाची युक्ती मराठी लिपीत आजही जशीच्या तशी चालते, ती लिपीची घडण तीच असल्यामुळे.

बिंदूचा विषय निघालाच आहे तर शुद्धलेखनाच्या नियमांचा एक अनपेक्षित परिणाम नोंदवावयास हवा. १९६२ च्या नियमांपूर्वी ‘नांव’ म्हणजे संज्ञा आणि ‘नाव’ म्हणजे होडी असा लेखनभेद होता. अनुच्चारित अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द लेखनात एकरूप झाले. त्यामुळे ‘ती तरते, ते उरते’ असे सूचकवाक्य आता शक्य झाले. होडी तरते आणि माणसामागे नाव उरते. जुन्या लेखनाच्या वाचकाने हे उत्तर अन्यायाचे मानले असते. उकलीचे प्रमाण भाषेच्या त्या त्या काळच्या लेखनसंकेतावर अवलंबून असते, याचे हे लहानसे पण नेमके उदाहरण होय. याच उदाहरणात मराठीची एक अडचणही दिसते. नाम तीन लिंगांत विभागलेले असल्याने ‘ती’ आणि ‘ते’ ही सर्वनामे उत्तराचे लिंग उघड करतात. रचनाकाराला लिंग लपवावयाचे असेल तर विकारी विशेषण व क्रियापद टाळावे लागते. ‘देवाने दिलेला नवरा’ या द्व्यर्थी वाक्यात दोन्ही ‘वर’ पुल्लिंगी असल्यानेच ते बेमालूम बसले आहे.

सर्वांत मोठी अडचण सामान्यरूपाची आहे. ‘एक मळकट डबके, आत दडले फूल’ या वाक्यात ‘एक मळकट’ या दोन शब्दांच्या सांध्यात ‘कमळ’ लपलेले आहे. तेच वाक्य सहज मराठीत ‘एका मळकट डबक्यात’ असे लिहिले जाईल. परंतु मग ‘क’चा ‘का’ होऊन कमळ नाहीसे होते. मराठीत विभक्ती लागताच शब्दाचा शेवट बदलतो, म्हणून शब्द लपविणारे वाक्य नेहमी प्रथमेच्या आश्रयाने चालते आणि थोडे तुटक वाटते. उकल करणाऱ्यास हा तुटकपणाच पुष्कळदा खूण म्हणून उपयोगी पडतो. स्वाभाविक मराठीत जेथे सामान्यरूप यावे तेथे ते आलेले नाही, तर त्या जागी काहीतरी दडले असावे, असा तर्क बहुधा खोटा ठरत नाही.

४

येथवर जे म्हटले त्याची कसोटी एका शब्दावर पाहता येईल. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात, पूर्णा ते नांदेड या लोहमार्गावर चुडावा हे गाव आहे. नाव तीन अक्षरी : चु, डा, वा. त्यासाठी दोन सूचकवाक्ये रचून पाहावीत.

पहिले : ‘हिरवी कांकणे पाहून शाबास म्हणणारे पूर्णेजवळचे गाव’. हिरव्या कांकणांचा संच म्हणजे चुडा. त्यापुढे शाबासकीचा उद्गार ‘वा’. ‘पूर्णेजवळचे गाव’ हा अर्थनिर्देश. वाक्याच्या वरवरच्या अर्थात लग्नघरचे चित्र उभे राहते आणि गावाला माणूसपण येते. दोषच काढावयाचा तर ‘पूर्णा’ म्हणजे नदी की गाव हे येथे स्पष्ट होत नाही. परंतु दोहोंपैकी कोणताही अर्थ घेतला तरी उत्तर बदलत नाही, म्हणून तो दोष क्षम्य आहे.

दुसरे : ‘चुकीचा आरंभ, पुढे डावा, मग पूर्णेजवळचे गाव लागते’. ‘चुकीचा’ या शब्दाचा आरंभ म्हणजे ‘चु’, त्यापुढे ‘डावा’. वाक्य वाटसरूस वाट सांगितल्यासारखे आहे आणि त्यात त्याची खुबी आहे. परंतु झिमेनीसच्या कसोटीवर ‘लागते’ हे क्रियापद रिकामे ठरते. ते अर्थही सांगत नाही आणि अक्षरही देत नाही. केवळ वाट सांगण्याचा आभास पुरा करण्यासाठी आले आहे. ‘मग’ मात्र सदोष नाही, कारण अक्षरे आधी जुळवावी आणि मग गाव मिळावे हा क्रम ते खरोखर दाखविते. उकलीचे स्पष्टीकरण लिहिताना असा प्रत्येक शब्दाचा हिशेब द्यावा लागतो. उत्तर ओळखता येणे निराळे आणि सूचकवाक्यातील एकही शब्द शिल्लक न ठेवता ते सिद्ध करता येणे निराळे. पहिल्या गोष्टीला प्रतिभा म्हणता येईल. टीकेचे काम दुसऱ्या गोष्टीपासून सुरू होते.

एकाच नावाचा ‘चुडा’ आणि ‘वा’ असा भंग झाला, तसा ‘चु’ आणि ‘डावा’ असाही झाला. आलंकारिकांच्या परिभाषेत हा सभंग श्लेष. दोन्ही भंग सूचकवाक्यात सारखेच न्याय्य आहेत, कारण सूचकवाक्य शब्दाच्या जन्माविषयी काहीही दावा करीत नाही. आज लिहिल्या जाणाऱ्या अक्षरांविषयीच करते.

नेमक्या याच ठिकाणी स्थलनामांच्या अभ्यासातील एक जुनी खोड उघडी पडते. गावाच्या नावाचे असेच दोन तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्याला ओळखीचा अर्थ द्यावयाचा, त्याभोवती एक आख्यायिका रचावयाची आणि तिला व्युत्पत्ती म्हणावयाचे, ही पद्धत मराठवाड्यात काय आणि अन्यत्र काय, सर्रास आढळते. चुड्याची कथा रचून ‘चुडावा’ सिद्ध करणे कोणासही जमेल. तितक्याच सहजतेने ‘डावा’वरूनही एखादी कथा रचता येईल. दोन परस्परविरुद्ध भंग सारख्याच सोयीने होतात, यावरूनच या रीतीला व्युत्पत्तीच्या क्षेत्रात प्रमाणमूल्य नाही हे सिद्ध होते. कोड्यात जो गुण, तोच येथे दोष.

जवळच्याच नांदेडचे उदाहरण बोधप्रद आहे. लोकांत ‘नंदी’ आणि ‘तट’ असा भंग करून नंदीच्या तपाची कथा सांगितली जाते. दुसरीकडे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम येथील ताम्रपटात ‘नान्दीकड’ असे प्रदेशनाम आले आहे आणि त्याच्याशी नांदेडचा संबंध विद्वानांनी जोडला आहे. या दुसऱ्या मताचे बळ नावाच्या आजच्या रूपाच्या चतुर भंगात नाही. जुन्या काळच्या लेखात ते रूप खरोखर कोरलेले आहे यात आहे. व्युत्पत्तीला नावाबाहेरचा पुरावा लागतो : ताम्रपट, शिलालेख, दप्तरातील जुने रूप, ध्वनिपरिवर्तनाचा अन्यत्र सिद्ध झालेला नियम. सूचकवाक्याला असा बाह्य पुरावा लागत नाही. दोहोंत शब्द फोडण्याची क्रिया एकच दिसते म्हणून दोहोंचे प्रमाणही एकच समजणे, हा तो घोटाळा.

५

उत्तर शोधले की नुसते अदमासले, हा प्रश्न भारतात एकदा सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून चालणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या शब्दकोडे स्पर्धा मुंबई राज्यातही लोकप्रिय होत्या. मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्यात १९५२ साली दुरुस्ती करून त्यांवर नियंत्रण व कर बसविला. वाद न्यायालयात गेला. १९५७ मध्ये सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठाने अशा स्पर्धा द्यूताच्या स्वरूपाच्या आहेत असा निर्णय दिला. १९५५ चा केंद्रीय बक्षीसस्पर्धा कायदाही त्याच वर्षी, कौशल्याधिष्ठित स्पर्धा त्याच्या कक्षेबाहेर आहेत असा अर्थ लावून, वैध ठरला. निर्णयाचे मर्म समीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. संयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी स्पर्धकाचे उत्तर जुळले तरच ते बरोबर. भाषेच्या ज्ञानाने ते गाठण्याची खात्री नाही. तेव्हा तेथे कौशल्य नसून योगायोग आहे.

या भेदाचे स्वरूप एका कल्पित सूचनेवरून स्पष्ट होईल. दोन घरांच्या शब्दाचे दुसरे अक्षर ‘र’ असून सूचना आहे, ‘हा नसला की माणूस खचतो’. ‘धीर’ बसते आणि ‘जोर’ही बसते. व्याकरण, लिंग, अर्थ, घरे, सर्व दोघांनाही सारखेच अनुकूल. संयोजकाने ‘धीर’ हेच बरोबर म्हटले तर ‘जोर’ लिहिणारा हरला, पण चुकला असे म्हणता येणार नाही. आता सूचना अशी करावी : ‘बुद्धीनंतर रणाचा आरंभ; हा नसला की माणूस खचतो’. बुद्धी म्हणजे धी, रणाचे आद्याक्षर र. ‘धीर’ सिद्ध झाले आणि ‘जोर’ बाद झाले. वाक्य अधिक गूढ झाले, पण अधिक न्याय्यही झाले. गूढता आणि संदिग्धता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते. संदिग्ध सूचना सोपी असूनही अनिर्णित राहते. गूढ सूचना कठीण असूनही एकाच उत्तराशी बांधलेली असते. भामहाने ज्याला दोष दिला तो व्याख्यागम्यतेला. संदिग्धतेचा दोष त्याहून वेगळा आणि कोड्याच्या दृष्टीने अधिक मोठा.

उर्दूत ज्याला मुअम्मा म्हणतात त्यातही अक्षरे काढणे, उलटविणे, जोडणे या क्रियांनी एखादे नाव सिद्ध करावयाचे असते. पुढे शब्दकोड्यालाही उर्दूत तेच नाव मिळाले. परंतु नावाचा वारसा आला तरी उकलीची कसोटी आपोआप येत नाही.

६

मराठी संतवाङ्मयातील कूटांकडे या दृष्टीने पाहिले असता काय दिसते? ज्ञानदेवांच्या नावाने प्रसिद्ध असलेले, काट्याच्या टोकावर वसलेल्या तीन गावांचे कूट सर्वांच्या परिचयाचे आहे. एका असंभाव्य वस्तूतून दुसरी असंभाव्य वस्तू, तिच्यातून तिसरी, अशी नकारांची साखळी त्यात पुढे सरकते. टीकाकार तीन गावे म्हणजे तीन गुण असे सांगतात. कोणी तीन देह म्हणतात, कोणी तीन अवस्था. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांवरील विवरणांतही पाच म्हटले की इंद्रिये, सहा म्हटले की विकार, नऊ म्हटले की द्वारे, असा ठराविक कोष्टकाचा उपयोग वारंवार दिसतो.

सूचकवाक्याची कसोटी या विवरणांना लावली तर ती टिकत नाहीत. अर्थनिर्देशाची एकच वाट आहे. अक्षरांची दुसरी वाट नाही. तीन या संख्येला जे जे त्रिक ठाऊक आहे ते ते लागू पडते, आणि एक त्रिक दुसऱ्याला बाद करीत नाही. न्यायालयाने ज्या स्पर्धेला योगायोग म्हटले तिच्यासारखीच ही स्थिती आहे. फरक इतकाच की येथे बंद पाकिटातील उत्तरही नाही.

यावरून संतांचे कूट सदोष आहे असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे ठरेल. कूटाचा हेतू उत्तर दडविण्याचा नसावा. नकारांच्या साखळीने ऐकणाऱ्याची वस्तुविषयक बुद्धी थकवून तिला शब्दापलीकडे ढकलणे, हा त्याचा व्यापार असणे अधिक संभवते. गाव वसलेच नाही, मडके घडलेच नाही, अशी प्रत्येक वस्तू मांडून लगेच पुसली जाते. अशा रचनेत प्रत्येक वस्तूला स्थिर प्रतिशब्द देणे म्हणजे कवीने पुसलेले पुन्हा लिहिणे होय. म्हणून येथे विवरणाची कसोटी निराळी हवी : सांगितलेला अर्थ रचनेच्या गतीशी सुसंगत आहे काय, तो साखळीतील प्रत्येक कडीचा हिशेब देतो काय, की पहिल्या कडव्यातील संख्येवर थांबून उरलेले वाऱ्यावर सोडतो? ‘तीन गुण’ हे विवरण पुष्कळदा पहिल्या ओळीतच संपते. एकही शब्द शिल्लक राहू नये, ही कोड्याच्या उकलीतील अट येथेही उपयोगी पडते. उत्तर एकच असावे ही अट मात्र येथे लागू करता येत नाही. दोन अटींपैकी कोणती कोठे लावावी याचे भान सुटल्यामुळे एक पक्ष प्रत्येक कूटाला एकच ‘खरे’ उत्तर शोधीत बसतो आणि दुसरा पक्ष कोणतेही उत्तर चालते म्हणून मोकळा होतो.

७

तात्पर्य, शब्द फोडून किंवा जोडून अर्थ लावण्याची क्रिया बाह्यतः एकच दिसली तरी तिच्या प्रमाणांचे निदान तीन प्रकार मानावे लागतात. सूचकवाक्यात अर्थाची व अक्षरांची अशा दोन स्वतंत्र वाटा एका शब्दावर मिळाव्या लागतात आणि त्या मिळाल्या की बाहेरच्या साक्षीची गरज उरत नाही. स्थलनामात वाटा कितीही सुरेख मिळाल्या तरी त्यांचे मोल शून्य, जोवर लेखाचा किंवा ध्वनिनियमाचा बाह्य पुरावा नाही. कूटात एकमेव उत्तराचा आग्रह अस्थानी, परंतु संपूर्ण रचनेचा हिशेब देण्याची जबाबदारी कायम. ‘चुडावा’ या नावाचे दोन भंग कोडे म्हणून आनंद देतील. व्युत्पत्ती म्हणून ते पुढे आले तर विद्यार्थ्याने पुरावा मागितला पाहिजे.

पदव्युत्तर वर्गात अर्थनिर्णयाची तत्त्वे शिकविताना सूचकवाक्यांचा उपयोग या कारणासाठी करून पाहण्यासारखा आहे. विद्यार्थ्याने उत्तर लिहावे, त्याखाली प्रत्येक शब्दाचे काम नोंदवावे आणि जो शब्द रिकामा राहिला त्याचा दोष रचनाकाराकडे की स्वतःच्या उकलीकडे जातो, हे ठरवावे. नंतर त्याच विद्यार्थ्यापुढे एखादे भारूड आणि एखादे गावाचे नाव ठेवून तेथे यांपैकी काय चालते आणि काय चालत नाही हे विचारावे. विवरणात शब्द उरला की तो झाकण्याची सवय मराठी टीकेत जुनी आहे. उरलेला शब्द दाखविण्याची सवय लागली तर अनेक प्रस्थापित विवरणे नव्याने तपासावी लागतील, आणि त्यांतील काही निश्चितच टिकतील.